आठवड्याला एक सेंट

इंग्रजीतल्या 'पॅरिश'ला मराठीत एक छान शब्द आहे आणि तो वसईकरांनी रुळवला आहे: धर्मग्राम. वसईचे कॅथलिक तो सहज बोलून जातात, अमक्या धर्मग्रामातले तमके, तिथला सण, तिथली मंडळे. शब्दात 'धर्म' आणि 'ग्राम' दोन्ही आहेत हे मला फार अचूक वाटते. अमेरिकेत 'पॅरिश' म्हटले की आधी लुइझियाना आठवते, कारण तिथे काउंटीलाच पॅरिश म्हणतात आणि अशा चौसष्ट पॅरिश आहेत. पण न्यू इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा शब्द रोज दिसतो तो पाट्यांवर. ऑक्टोबरात पाने बघायला गाडी काढावी, कुठल्याशा गावात कॉफीला थांबावे, तर समोर हिरवळ, पांढरे लाकडी चर्च आणि पाटी 'फर्स्ट पॅरिश'. फोटो काढून आपण पुढे जातो.

त्या पांढऱ्या इमारतीचा आणि नगरच्या मुलींच्या शाळेचा संबंध आहे. तो सांगायचा तर आधी त्या इमारतीत काय काय चालायचे ते पाहावे लागते, कारण आज दिसते तसे ते नुसते प्रार्थनेचे ठिकाण नव्हते.

साधारण अठराव्या शतकाच्या अखेरची गोष्ट घ्या. न्यू इंग्लंडच्या खेड्यात 'मीटिंगहाऊस' नावाची एकच मोठी इमारत असे. रविवारी तिथे उपासना आणि मार्चमध्ये तिथेच गावसभा. पाद्र्याचा पगार गावाच्या करातून जाई. मॅसॅच्युसेट्सच्या १७८० च्या राज्यघटनेत तशी तरतूदच होती: धर्मोपदेशकाचा खर्च गावाने सोसावा. क्वेकर किंवा बॅप्टिस्ट असाल आणि सूट हवी असेल तर आपण त्या पंथाचे असल्याचा दाखला सादर करायचा. पाद्री नेमला जाई तो बहुधा तहहयात, आणि पगारात कित्येक गावांत रोख रकमेबरोबर सरपणही ठरलेले असे. आपल्याकडच्या बलुत्याशी हे ताडून पाहण्याचा मोह होतो. पण बलुतेदारी वंशाने चाले आणि इथे पाद्र्याला निवडून आणावे लागे, त्यामुळे साम्य तेवढ्यावरच सोडलेले बरे.

रविवारी दोन उपासना होत, सकाळी एक आणि दुपारी एक. लांबच्या शेतांवरून आलेली कुटुंबे मधल्या वेळात घरी परतू शकत नसत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बहुतेक मीटिंगहाऊसमध्ये शेगडीही नव्हती. जानेवारीत मैलभर बर्फातून यायचे आणि थंडगार लाकडी बाकावर दोन तास प्रवचन ऐकायचे. बायका पायाशी निखाऱ्यांची छोटी पेटी ठेवत. काही गावांनी शेजारी एक खोली बांधली होती. तिथे चूल पेटवून दुपारची भाकरतुकडा खायची, शेकायचे आणि बोलायचे. गावाचा खरा व्यवहार या मधल्या तासात चाले: कुणाची गाय विकायची आहे, कुणाचे लग्न ठरले, गायकवृंदात तंतुवाद्य आणावे की नाही. हा शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. भजनात पेटी घ्यावी की नको यावरून गाव दुभंगलेले आपल्यालाही ठाऊक असते.

बसण्याची जागासुद्धा गाव ठरवी. वय, कर आणि प्रतिष्ठा पाहून कोण पुढे आणि कोण मागे बसणार याची यादी करायला समिती नेमली जाई. पुढे बाके लिलावाने विकायची पद्धत आली, म्हणजे प्रतिष्ठेला थेट किंमत लागली. काळ्या लोकांना बहुधा सज्जात किंवा कोपऱ्यात बसवत. पंगतीत कोण कुठे बसतो यावरून जे कळते ते सगळे या बाकांच्या नकाशावरूनही कळते.

गावाला आणखी एक काम होते, गरिबांना पोसायचे. ते टाळण्याची युक्तीही होती. बाहेरून कुणी निर्धन माणूस येऊन राहिला की गावाचा शिपाई त्याच्या हाती 'गाव सोडा' अशी नोटीस देई. प्रत्यक्षात तो पुष्कळदा तिथेच राही, पण उद्या तो आजारी पडला तर गावावर जबाबदारी नाही, एवढे कागदावर झालेले असे. मॅसॅच्युसेट्समध्ये ही पद्धत अठराव्या शतकाअखेर संपली. स्वतःच्या गरिबांचे काय? काही गावांत गावसभेत त्यांचा उलटा लिलाव होई. या म्हातारीला वर्षभर सांभाळायला सर्वांत कमी पैसे कोण घेईल, त्याच्या घरी ती जायची. व्हिसाच्या रांगेत उभे राहून आलेल्या आपल्या पिढीला 'कुणाची जबाबदारी कुणावर' या भाषेचे नवल वाटू नये. मला तरी ते कागद वाचताना वाटले नाही.

आता एक भेद सांगतो, त्यावर पुढची सगळी कथा उभी आहे. पॅरिश म्हणजे गाव, कर भरणारे आणि मत देणारे पुरुष. चर्च म्हणजे त्यातली आतली मंडळी, आपला धर्मानुभव सांगून रीतसर सभासद झालेली. नगरच्या मराठी ख्रिस्ती लोकांनी पुढे चर्चला 'मंडळी' हाच शब्द वापरला आणि तो इथे नेमका बसतो. गाव आणि मंडळी एकाच छपराखाली बसत, पण एक नव्हते. पैसा गावाचा, श्रद्धा मंडळीची. दोघांचे पटेनासे झाले तर इमारत कुणाची?

हा प्रश्न बॉस्टनजवळच्या डेडम गावात १८१८ साली उभा राहिला. गावाने बहुमताने अॅल्वन लॅम्सन नावाचा उदारमतवादी पाद्री निवडला. मंडळीच्या बहुसंख्य सभासदांना तो नको होता. ते दप्तर आणि चांदीची भांडी घेऊन बाहेर पडले. खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १८२० मध्ये निकाल लागला की पॅरिशशिवाय मंडळीला कायद्याने वेगळे अस्तित्व नाही, मालमत्ता पॅरिशकडेच राहील. डेडमला गेलात तर हिरवळीच्या दोन बाजूंना समोरासमोर उभी असलेली दोन चर्चे आजही दिसतात. एका शहरात दोन महाराष्ट्र मंडळे आणि दोन गणपती पाहिलेल्या वाचकांना अधिक सांगायला नको. पुढे करातून पाद्री पोसण्याची पद्धतच गेली. कनेटिकटमध्ये ती १८१८ साली गेली, न्यू हॅम्पशायरमध्ये १८१९ साली आणि मॅसॅच्युसेट्समध्ये सर्वांत शेवटी, १८३३ मध्ये.

या सगळ्या भांडणात बायका कुठे होत्या? मंडळीत त्या बहुसंख्य होत्या. हे एका गावाचे नाही, न्यू इंग्लंडभरचे चित्र आहे. पण गावसभेत त्यांना मत नव्हते आणि बहुतेक ठिकाणी मंडळीतही नव्हते. लग्न झालेल्या बाईची मिळकत कायद्याने नवऱ्याची. तरीही घरोघरी एक रूढी होती. लोणी, अंडी, घरी वळलेली गवती वेणी, पुढे ताडपानांच्या टोप्या, यांतून येणारे किरकोळ पैसे बाईच्या हातात राहत. आपल्या आज्या डाळीच्या डब्यात ठेवत तसले पैसे. न्यू हॅम्पशायरच्या दक्षिण भागात ताडपानांच्या टोप्यांचा मोठा घरगुती धंदा होता. पाने उष्ण प्रदेशातून येत, दुकानदार ती वाटे आणि विणलेल्या टोप्या मोजून घेई.

या पैशाला हिशेब मिळाला तो १८०० नंतर. त्या वर्षी बॉस्टनमध्ये मेरी वेब या तरुणीने बायकांची एक मिशनरी संस्था काढली. लहानपणीच्या आजाराने ती चालू शकत नव्हती, चाकांच्या खुर्चीतून हिंडे. १८०२ मध्ये मेहिटेबल सिम्पकिन्स यांनी 'सेंट सोसायटी'ची कल्पना मांडली: प्रत्येकीने आठवड्याला एक सेंट द्यायचा. वर्षाचे बावन्न सेंट. ही रक्कम मागायला नवऱ्याची परवानगी लागत नाही आणि दिली तरी घरात खड्डा पडत नाही. बघता बघता अशा संस्था गावोगावी झाल्या. त्यांत बायका अध्यक्ष होत्या, खजिनदार होत्या, कार्यवृत्त लिहीत होत्या. मीटिंगहाऊसमध्ये ज्यांना हात वर करता येत नव्हता त्यांच्या हाती एक पेटी आली आणि तिच्या किल्लीबरोबर हिशेबवहीही.

हा पैसा कुठे जाई? सुरुवातीला सरहद्दीवरच्या नव्या वसाहतींकडे. मग १८१० साली मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॅडफर्ड गावी परदेशी मिशनांसाठी 'अमेरिकन बोर्ड' स्थापन झाले आणि खेड्यातल्या सेंटला समुद्रापारची वाट मिळाली. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलमच्या टॅबर्नॅकल चर्चमध्ये पाच तरुणांना दीक्षा देण्यात आली. त्यांपैकी दोघे आधी मुंबईला पोचले. गॉर्डन हॉल मॅसॅच्युसेट्सच्या टोलंडचा. सॅम्युएल नॉट कनेटिकटच्या फ्रँकलिनचा. नॉटचे वडीलही पाद्री होते आणि त्याच एका खेड्यात १७८२ पासून १८५२ पर्यंत, म्हणजे सत्तर वर्षे पाद्री राहिले. बाप एका पॅरिशमधून हलला नाही आणि मुलगा फिलाडेल्फियाहून 'हार्मनी' जहाजात चढला.

११ फेब्रुवारी १८१३ रोजी हे दोघे मुंबईत उतरले. अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात तेव्हा युद्ध चालू होते आणि कंपनी सरकारला हे पाहुणे नको होते. हद्दपारीच्या हुकमातून बरीच खटपट करून ते राहिले. नॉट १८१५ मध्ये प्रकृतीमुळे परतला आणि पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या वेअरम गावी पाद्री झाला, बापासारखाच. हॉल मराठी शिकला, कोकण-देश हिंडला आणि मार्च १८२६ मध्ये नाशिकहून परतताना पटकीने वाटेतच गेला.

त्यांची पत्रे आणि रोजनिशा 'मिशनरी हेरल्ड' या मासिकात छापून येत. महिन्याच्या पहिल्या सोमवारी गावोगावी प्रार्थनासभा भरे, तिथे हे मासिक मोठ्याने वाचले जाई आणि पेटी फिरे. ज्या शेतकऱ्याने न्यूयॉर्क पाहिले नव्हते त्याला माहीम आणि नाशिक ही नावे ऐकून ठाऊक होती. काय ठाऊक होते, हा प्रश्न वेगळा. अंधारातले, मूर्तिपूजक, कीव करण्यासारखे लोक असे ते चित्र होते. सेंट देणाऱ्या बाईची कळकळ खरी होती आणि तिचे आपल्या पणजीविषयीचे मत वाईट होते. दोन्ही एकाच वेळी खरे आहे आणि त्यातले एक गाळून लिहिलेला इतिहास मला पटत नाही.

याच धर्मग्रामांची दुसरी बाजू कनेटिकटच्या कॉर्नवॉल गावी दिसली. १८१७ मध्ये बोर्डाने तिथे 'फॉरिन मिशन स्कूल' काढले. हवाईचे, चेरोकी आणि इतर आदिवासी जमातींचे, आशियातलेही तरुण तिथे आणून शिकवायचे आणि परत आपापल्या लोकांत पाठवायचे, असा बेत. गावाला अभिमान होता. ओपुकाहाइया हा हवाईचा तरुण तिथे १८१८ मध्ये वारला, तर त्याचे चरित्र घराघरांत वाचले गेले. मग जॉन रिज या चेरोकी विद्यार्थ्याने १८२४ मध्ये शाळेच्या व्यवस्थापकाच्या मुलीशी, सॅरा नॉर्थरपशी लग्न केले. वर्षभरात गावातल्या प्रतिष्ठित घरातली हॅरिएट गोल्ड हिनेही ठरवले की आपण इलायस बूडिनॉट या चेरोकी तरुणाशी लग्न करणार. १८२५ च्या उन्हाळ्यात गावाच्या हिरवळीवर दोघांचे पुतळे जाळले गेले. आग लावणाऱ्यांत तिचा सख्खा भाऊ होता. ती शेजारच्या घरात लपून ते पाहत होती. चर्चच्या गायकवृंदातल्या तिच्या मैत्रिणींना पांढऱ्या पोशाखावर दंडाला काळी फीत बांधून यायला सांगितले गेले. शाळेच्या चालकांनी या लग्नाचा छापील निषेध केला. हॅरिएटने १८२६ च्या मार्चमध्ये लग्न केलेच. शाळा त्याच वर्षी गुंडाळली गेली.

ज्यांच्या आत्म्यासाठी दर आठवड्याला पेटीत नाणे पडत होते, तो माणूस गावात येऊन सोयरा होऊ म्हणाला तेव्हा गावाने काय केले ते हे. 'डायव्हर्सिटी' साजरी करणाऱ्या टाउन कमिटीत दिवाळीचा स्टॉल लावताना मला अधूनमधून कॉर्नवॉलची हिरवळ आठवते. बहुतेक वेळा आठवत नाही, हेही खरे.

आता सिंथिया फरार. ती १७९५ मध्ये जन्मली न्यू हॅम्पशायरच्या मार्लबरोत, मॉनॅडनॉक डोंगराच्या परिसरातल्या एका लहान गावात. शिक्षिका झाली. मुंबईच्या अमेरिकन मिशनने १८२४ मध्ये मुलींची शाळा सुरू केली होती. ती मिशनऱ्यांच्या बायका सांभाळत, पण बाळंतपणे, आजार आणि मृत्यू यांत शाळा बंद पडायच्या बेताला येत. बोर्डाने म्हणून १८२७ मध्ये फरारला पाठवले, कुणाची पत्नी म्हणून नव्हे तर शिक्षिका म्हणून. 'परदेशी गेलेली पहिली अविवाहित अमेरिकन मिशनरी' असे तिचे वर्णन सर्रास केले जाते. ते जरा सांभाळून घ्यावे. १८१५ मध्ये शार्लट व्हाइट ही बॅप्टिस्ट विधवा निघाली होती आणि १८२२ मध्ये बेट्सी स्टॉकटन ही गुलामीतून मुक्त झालेली काळी शिक्षिका याच बोर्डाकडून हवाईला गेली होती. तिचे लग्न झालेले नव्हते. तिला 'पहिली' म्हणायचे लोकांना का सुचले नाही, ते बाकांच्या नकाशावरून ओळखता येते.

फरार दहा वर्षे मुंबईत होती. १८३७ मध्ये प्रकृतीसाठी मायदेशी गेली आणि १८३९ मध्ये परतली ती नगरला, आजच्या अहिल्यानगरला. नगरचे मिशन १८३१ च्या अखेरीस सुरू झाले होते. ग्रेव्हज, रीड आणि हर्वी हे तीन अमेरिकन आणि त्यांच्याबरोबर ख्रिस्ती झालेले बाबाजी हे ब्राह्मण गृहस्थ. या बाबाजींचे चरित्र हॉलिस रीडने परत गेल्यावर अमेरिकेत छापले. म्हणजे नगर हे नाव न्यू इंग्लंडच्या वाचकांना अपरिचित नव्हते. १८४२ मध्ये नगरलाच 'ज्ञानोदय' निघाले. फरारने तिथे मुलींच्या शाळा चालवल्या, मराठीतून.

या शाळा पाहायला एक तरुण पुण्याहून आला. त्याचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे नगरला नोकरीला होते. तरुण म्हणजे जोतीराव फुले. १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. तिच्यामागची प्रेरणा त्यांनी स्वतः सांगितली ती १८५३ च्या सप्टेंबरात 'ज्ञानोदय'त छापली आहे: नगरला मिस फरारबाईंच्या शाळा पाहिल्या, तिथे मुलींना जसे शिकवायला हवे तसे शिकवले जात होते ते आवडले, आणि परत येताच पुण्यात शाळा सुरू केली. सावित्रीबाईंनी फरारबाईंकडे अध्यापनाचे धडे घेतल्याचे त्यांच्या चरित्रांत येते.

जोतीरावांनी नगरहून शाळा उचलली, मंडळी उचलली नाही. ते ख्रिस्ती झाले नाहीत. मिशनऱ्यांशी त्यांची मैत्री होती, त्यांच्या शाळेत ते स्वतः शिकले होते आणि ब्राह्मणी सत्तेविरुद्ध त्यांची भाषाही त्यांनी वापरली. पण पुण्याच्या शाळा त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळ्या मंडळाच्या, इथल्याच लोकांच्या हाती ठेवल्या. त्या काळच्या सेंट देणाऱ्या बायकांना हा परिणाम कळवला असता तर त्यांना आनंद झाला असता असे मी म्हणणार नाही. त्यांचे नाणे धर्मांतरासाठी होते.

बोर्डालाही हेच टोचत होते. बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात पाहणीला आले. त्यांचे म्हणणे असे की मिशनने शाळांत, विशेषतः इंग्रजी शाळांत, एवढे गुंतून पडू नये. गावोगावी मराठी मंडळ्या उभ्या कराव्यात, त्यांना त्यांचे मराठी पाळक द्यावेत आणि मंडळीने आपल्या पाळकाचा खर्च आपणच सोसावा. वाचताना ओळखीचे वाटते ना? डेडमचा, फ्रँकलिनचा, मार्लबरोचा धर्मग्राम, फक्त सक्तीचा कर वजा केलेला. नेवासे तालुक्यातल्या वडाळ्यासारख्या ठिकाणी पुढे ग्रामीण मंडळ्या वाढल्या आणि कसायला जमीन नसलेल्या महार कुटुंबांना पाळकाचा पगार उभा करायला सांगण्यात काय अडचण आहे, हे अमेरिकन पाळकांना तिथे शिकावे लागले. न्यू इंग्लंडमध्ये कर देणारा शेतकरी जमिनीचा मालक होता. नगर जिल्ह्यात मंडळीत येणाऱ्याला पुष्कळदा गावाच्या विहिरीवरही हक्क नव्हता.

फरारबाई मुलींच्या शाळा सोडायला तयार झाल्या नाहीत. १८६२ मध्ये नगरलाच त्या वारल्या, तोवर शिकवत होत्या. त्यांच्या जन्मगावाच्या राज्यात मार्चमधली गावसभा अजून भरते. १८७८ मध्ये न्यू हॅम्पशायरने बायकांना तिथे पहिल्यांदा मत दिले, पण एकाच विषयावर: शाळा.